कॅगचा अहवाल बहुतेक वेळा शेवटच्या दिवशीच का येतो? सरकारी खाती विधिमंडळाला हिशेब कसा देतात?

विधिमंडळाच्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. अंतिम आठवडा प्रस्तावावरची भाषणं उरकत आलेली असतात, आमदारांच्या गाड्या बाहेर लागलेल्या असतात. कामकाजपत्रिकेत एक साधी ओळ असते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवणे. मंत्री उभे राहतात, एक वाक्य बोलतात, खाली बसतात. अर्ध्या मिनिटात विषय संपतो.

संध्याकाळी टीव्हीवर पट्टी फिरते, 'कॅगचे सरकारवर ताशेरे'. व्हॉट्सॲपवर दोन-चार आकडे फिरतात. सत्ताधारी म्हणतात, हे मागच्या सरकारच्या काळातलं आहे. विरोधक म्हणतात, आम्ही तेव्हाच सांगत होतो. सभागृहात विचारायला मात्र कुणी नसतं, कारण सभागृहच संपलेलं असतं. पुढचं अधिवेशन येईपर्यंत दोन-तीन महिने जातात.

ही पद्धत आजची नाही आणि एका पक्षाची तर अजिबात नाही. सरकारं बदलली, शेवटचा दिवस बदलला नाही. असं का होतं, हे कळण्यासाठी सरकारी पैशाचा प्रवास मुळापासून बघावा लागतो.

पैसा सरकारकडे, परवानगी सभागृहाची

जीएसटीतला राज्याचा वाटा, मुद्रांक शुल्क, दारूवरचा कर, केंद्राकडून येणारा हिस्सा, काढलेलं कर्ज हे सगळं राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतं. त्यातून एक रुपयाही काढायचा तर कायद्याने मंजुरी लागते. मुख्यमंत्र्यांची सही पुरत नाही. राज्यघटनेच्या कलम २०२ ते २०६ मध्ये याची सगळी चौकट आहे. सरकार वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज मांडतं, प्रत्येक खात्याच्या खर्चाची मागणी विधानसभेत मताला टाकली जाते आणि मग विनियोजन विधेयक मंजूर होतं. ते झालं की तिजोरीचं कुलूप उघडतं.

इथे विधानसभेची भूमिका मालकासारखी असते आणि खात्यांची कारभाऱ्यासारखी. मालकाने पैसे दिले, कारभाऱ्याने काम केलं, वर्षाअखेरीस वही उघडून दाखवली. कागदावर व्यवस्था इतकी सरळ आहे.

महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटी रुपयांचा होता, आणि त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटींची धरली होती. एवढ्या रकमेवर विधानसभेत किती तास चर्चा होते? मोजक्या खात्यांच्या मागण्यांवर आमदार बोलतात. उरलेल्या मागण्या शेवटी एकत्र मताला टाकल्या जातात, 'होय' म्हणणाऱ्यांचं बहुमत होतं आणि हजारो कोटी मंजूर होतात. याला संसदीय भाषेत गिलोटिन म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत मुंडकी उडवणाऱ्या यंत्राचं नाव चर्चा छाटण्याच्या पद्धतीला मिळावं, हे फारसं चुकीचं नाही.

खर्चाआधीची छाननी इतकी घाईत होत असेल, तर खर्चानंतरच्या हिशेबाचं वजन आपोआप वाढतं.

पुरवणी मागण्या: मूळ बजेटला जोडलेली ठिगळं

वर्षाच्या मध्ये नवा खर्च उभा राहिला तर सरकार पुरवणी मागण्या आणतं. पूर आला, दुष्काळ पडला, न्यायालयाने थकबाकी द्यायला सांगितली, अशा वेळी त्या लागतातच. कलम २०५ तशी सोय देतं. अडचण होते ती या सोयीची सवय झाल्यावर.

२८ जून २०२४ ला राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची घोषणा त्यातच झाली. दोन आठवड्यांच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या आणि त्यात या योजनेसाठी २५ हजार कोटी होते. अर्थसंकल्पाच्या पुस्तिकांवरची शाई वाळते न वाळते तोच मूळ अंदाज बदलला.

महालेखापालांच्या अहवालांत याच्या उलट तक्रारही वर्षानुवर्षं दिसते. खातं पुरवणी मागणी करून जास्तीचे पैसे मंजूर करून घेतं आणि वर्षाअखेरीस बघावं तर मूळ तरतूदच पुरती खर्च झालेली नसते. म्हणजे सभागृहाकडे मागितलेल्या पैशाची गरजच नव्हती. दुसरीकडे काही खाती मंजुरीपेक्षा जास्त खर्च करून बसतात. असा जादा खर्च नंतर विधानसभेपुढे आणून नियमित करून घ्यावा लागतो, आणि त्यालाही वर्षं लागतात.

मग 'मार्च एंड'चा प्रकार. ३१ मार्चपर्यंत न वापरलेला निधी परत जातो म्हणून शेवटच्या महिन्यात बिलांचा पूर येतो. कोषागार कार्यालयांतले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात. कधी पैसा खर्च होत नाही, नुसता हलवला जातो. एकत्रित निधीतून काढून तो स्वीय प्रपंजी खात्यात, ज्याला सगळे 'पीएलए' म्हणतात, तिथे ठेवला जातो. वहीत खर्च झाल्याची नोंद होते, प्रत्यक्षात पैसा बँकेसारखा पडून राहतो. आमदाराला मिळणाऱ्या कागदावर मात्र 'खर्च झाला' एवढंच दिसतं.

खाती स्वतःहून काय सांगतात?

सरकार स्वतःच्या कामाबद्दल विधिमंडळाला बरंच काही देतं, हे आधी सांगायला हवं. अर्थसंकल्पाच्या थोडं आधी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' येते. ती अर्थ व सांख्यिकी संचालनालय तयार करतं. अनेक विभाग 'कार्यक्रम अंदाजपत्रक' काढतात. किती पैसे मिळाले, त्यात किती किलोमीटर रस्ता, किती शाळाखोल्या, किती लाभार्थी, असा तपशील त्यात असतो. अधिवेशनात तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचनांना मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. मंत्र्याने सभागृहात 'तपासून घेऊ', 'तीन महिन्यांत अहवाल मागवू' असं म्हटलं की ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा करायला वेगळी आश्वासन समिती आहे.

प्रश्नोत्तराचं हत्यार साधं असलं तरी बोथट नाही. लाडकी बहीण योजनेचा लाभ दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी महिलांनीही घेतल्याची कबुली २०२५ मध्ये सरकारने दिली, ती विधानसभेतल्या प्रश्नाच्या लेखी उत्तरातच.

पण या सगळ्या कागदांत एक समान गोष्ट आहे. खातं स्वतःबद्दल स्वतःच सांगतं. परीक्षार्थ्यानेच पेपर तपासावा तसं. सिंचनाच्या प्रकरणात याची मर्यादा अगदी उघड झाली.

एका आकड्याने हादरलेलं सरकार

२०११-१२ च्या आर्थिक पाहणीत एक तक्ता होता. एकूण पीकक्षेत्रापैकी किती क्षेत्र सिंचनाखाली आहे, याची टक्केवारी त्यात होती. दशकाच्या सुरुवातीला ती १७.८ टक्के होती आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के. दहा वर्षांत वाढ फक्त ०.१ टक्का. त्याच दशकात सिंचनावर झालेल्या खर्चाचा आकडा सुमारे ७० हजार कोटी म्हणून चर्चेत होता. दोन आकडे शेजारी ठेवल्यावर जो प्रश्न पडतो तो सगळ्या महाराष्ट्राला पडला.

सप्टेंबर २०१२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर जलसंपदा विभागाने श्वेतपत्रिका काढली. पाहणीतला आकडा कृषी विभागाच्या नोंदींवरून आलेला आहे, आमच्या प्रकल्पांनी निर्माण केलेली सिंचनक्षमता त्याहून बरीच वाढली आहे, असं तिचं म्हणणं होतं. डिसेंबरमध्ये पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले.

एकाच सरकारची दोन खाती सभागृहाला एकाच गोष्टीचे दोन आकडे देऊ शकतात, कारण क्षमता मोजणं वेगळं आणि प्रत्यक्ष भिजलेलं शिवार मोजणं वेगळं. धरण बांधून झालं की क्षमता कागदावर येते. कालवा अर्धवट असेल, पोटचाऱ्या खोदल्याच नसतील, तरी ती कागदावर राहते.

पुढे जे झालं ते जास्त बोलकं आहे. त्यानंतर अनेक वर्षं आर्थिक पाहणीत त्या टक्केवारीच्या रकान्यात आकडाच आला नाही, 'उपलब्ध नाही' एवढंच छापून येत राहिलं. ज्या आकड्यामुळे प्रश्न विचारले गेले, तो आकडाच यायचा थांबला. खोटं सांगण्याची गरजच पडली नाही.

म्हणून कॅग

खात्यांच्या वह्या बाहेरच्या माणसाने तपासाव्यात, यासाठी घटनेने भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण केलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कॅग'. कॅगला राज्य सरकार नेमत नाही आणि काढूही शकत नाही. राष्ट्रपती नेमणूक करतात आणि पदावरून दूर करायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागते तीच अवघड प्रक्रिया लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ मध्ये संविधान सभेत या अधिकाऱ्याला घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं होतं.

महाराष्ट्रात कॅगचं लेखापरीक्षण मुंबई आणि नागपूर इथल्या महालेखापाल कार्यालयांतून चालतं. त्यांचे कर्मचारी मंत्रालयापासून तालुक्याच्या कार्यालयापर्यंत जाऊन फायली, बिलं, मोजमाप पुस्तिका तपासतात. तपासणी तीन अंगांनी होते. पैसे नियमाने खर्च झाले का, हे एक. राज्याची एकंदर आर्थिक प्रकृती कशी आहे, हे दुसरं. त्यासाठी राज्य वित्तव्यवस्थेचा वेगळा अहवाल असतो. तिसरं अंग लोकांच्या सर्वांत जवळचं असतं. योजनेचा जो हेतू सांगितला होता तो साधला का?

या अहवालांत काही शब्द पुन्हा पुन्हा येतात. 'उपयोगिता प्रमाणपत्र प्रलंबित' म्हणजे संस्थेला किंवा पालिकेला अनुदान दिलं, पण ते त्याच कामाला वापरलं याचा दाखलाच आला नाही. 'तपशीलवार देयक सादर केले नाही' म्हणजे अधिकाऱ्याने तातडीचं कारण सांगून संक्षिप्त बिलावर रक्कम उचलली आणि पावत्यांसह खरा हिशेब नंतर दिलाच नाही. यातला प्रत्येक रुपया चोरीला गेला असं नसतं. पण तो कुठे गेला हे सांगता येत नाही, एवढं नक्की असतं.

जलयुक्त शिवार: अहवाल आला, पण केव्हा?

'जलयुक्त शिवार अभियान' डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. दरवर्षी ५ हजार गावं घेऊन २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करायचं, असं उद्दिष्ट होतं. नाला खोलीकरण, बंधारे, शेततळी, गाळ काढणं अशी लाखो कामं झाली.

कॅगने ६ जिल्ह्यांतली १२० गावं निवडून तपासणी केली. ९,६३४ कोटींच्या आसपास खर्च होऊनही गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलपातळी वाढवण्यात योजनेचा परिणाम अल्प राहिला, असा निष्कर्ष निघाला. पाणी साठलं तिथेही नगदी पिकांसाठी उपसा वाढला, हे कॅगने नोंदवलं. योजना राबवणाऱ्यांना हे मान्य नव्हतं. २२ हजारांहून अधिक गावांपैकी केवळ १२० गावं पाहून असा निष्कर्ष कसा काढता येईल, असा आक्षेप देवेंद्र फडणवीस यांनी घेतला. आक्षेप विचार करण्यासारखा आहे, आणि त्यावर विधिमंडळात सविस्तर खल व्हायला हवा होता.

पण अहवाल पटलावर आला तो ८ सप्टेंबर २०२० ला. तोवर योजनेचा काळ संपला होता, सरकार बदललं होतं, आणि कोविडमुळे ते अधिवेशन अवघ्या दोन दिवसांचं होतं. ज्यांनी पैसे खर्च केले ते आता विरोधी बाकांवर होते. नव्या सरकारने चौकशी लावली. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि डिसेंबरमध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू करायचा निर्णय झाला. पहिल्या टप्प्यात कोणता बंधारा उपयोगी पडला आणि कोणता वाया गेला, हा प्रश्न सत्ताधारी-विरोधकांच्या धुळवडीत मागे पडला. गावकऱ्याला जे हवं होतं ते हेच उत्तर होतं.

शेवटच्या दिवसाचं गणित

कलम १५१ नुसार कॅग राज्याचा अहवाल राज्यपालांना देतो आणि राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेवण्याची व्यवस्था करतात. प्रत्यक्षात ते काम सरकारचा वित्त विभाग करतो. या कलमात मुदत लिहिलेली नाही. किती दिवसांत ठेवायचा, अधिवेशनाच्या कोणत्या दिवशी ठेवायचा, यावर घटना गप्प आहे.

पटलावर येईपर्यंत अहवाल गोपनीय असतो. आधी फुटला तर सभागृहाचा विशेषाधिकारभंग मानला जातो. त्यामुळे अहवाल हातात असूनही सरकार तो कधी उघडा करायचा, हे ठरवू शकतं. पहिल्या दिवशी ठेवला तर विरोधकांना तीन आठवडे दारूगोळा मिळतो. शेवटच्या दिवशी ठेवला तर एक पत्रकार परिषद, फार तर. कोणताही नियम मोडला जात नाही, आणि म्हणूनच कोणावर काही कारवाईही होत नाही.

सरकारच्या मनात असेल तर वेग किती येऊ शकतो, याचं उदाहरण मुंबई महापालिकेचं आहे. राज्य सरकारने २०२२ च्या अखेरीस पालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांचं विशेष लेखापरीक्षण कॅगला करायला सांगितलं. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातली ७६ कामं तपासली गेली. मार्च २०२३ मध्ये अहवाल विधानसभेत आला आणि फडणवीस यांनी त्यातले मुद्दे सभागृहात वाचूनही दाखवले. आदेशापासून पटलापर्यंत फार तर पाच-सहा महिने. तोही अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशीच आला, हा भाग वेगळा. पण जो कारभार राजकीय विरोधकांच्या काळातला, त्याचा हिशेब किती लवकर निघू शकतो हे त्यातून दिसलं.

खरं काम बंद दाराआड

अहवाल पटलावर ठेवला की तो आपोआप समितीकडे जातो. खात्यांच्या खर्चाचा अहवाल लोकलेखा समितीकडे, सरकारी कंपन्या आणि महामंडळांचा सार्वजनिक उपक्रम समितीकडे. दोन्ही सभागृहांचे, सगळ्या पक्षांचे आमदार यात असतात. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. ब्रिटनमध्ये ही समिती १८६१ मध्ये सुरू झाली, भारतात १९२१ मध्ये. लोकसभेत विरोधी पक्षाचा अध्यक्ष नेमण्याची सुरुवात १९६७ मध्ये झाली आणि तो पहिला मान मुंबईत जन्मलेल्या मिनू मसानींना मिळाला.

सभागृहात कॅमेरे असतात म्हणून आमदार तिथे पक्षाचे असतात. समितीच्या खोलीत पत्रकार नसतात. समोर विभागाचे सचिव साक्षीला बसलेले, मागच्या रांगेत फायली घेऊन उपसचिव, शेजारी महालेखापाल कार्यालयाचे अधिकारी. इथे सत्ताधारी आमदारही स्वतःच्या सरकारच्या सचिवाला आडवं-उभं विचारतो, कारण त्याच्याही मतदारसंघातला रस्ता उखडलेला असतो. धोरण बरोबर की चूक, हे ही समिती विचारत नाही. ठरवलेलं काम ठरवलेल्या पैशात झालं का, एवढंच विचारते.

त्याआधी विभागाने प्रत्येक परिच्छेदावर लेखी खुलासा द्यायचा असतो. अहवाल पटलावर आल्यापासून एका महिन्यात तो विधानमंडळ सचिवालयाकडे जावा, अशा वित्त विभागाच्या २००१ पासूनच्या सूचना आहेत. प्रत्यक्षात खुलासे वर्षानुवर्षं थकतात आणि कॅगला पुढच्या अहवालात थकलेल्या खुलाशांचाच तक्ता द्यावा लागतो. समितीपुढे परिच्छेदही इतके असतात की निवडकांवरच साक्ष होते. समिती शिफारशी करते, मग विभागाने 'काय कारवाई केली' हे कळवायचं. सचिव निवृत्त होतात, अधिकारी बदलून जातात, निवडणूक होऊन समितीच नवी येते. ज्या अभियंत्याने चुकीचं बिल काढलं त्याची पेन्शन सुरू झाल्यावर त्याच्या खात्याला प्रश्न विचारला जातो.

समितीला शिक्षा करण्याचा अधिकार नाही. ती शिफारस करू शकते, अमलात आणणं सरकारच्या हातात.

एसटी, महावितरण आणि न संपणारे ताळेबंद

सरकारी महामंडळांना हिशेबाचं वेगळं वेळापत्रक आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते, आणि त्यानंतर तीन महिन्यांत वार्षिक अहवाल तयार करून तो कॅगच्या शेऱ्यांसह लवकरात लवकर विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. इथे तर मुदत कायद्यातच आहे. तरीही ताळेबंद थकवणाऱ्या कंपन्यांची यादी कॅगच्या अहवालांत दरवेळी असते. काही कंपन्या वर्षानुवर्षं काम करत नाहीत, पण कागदावर जिवंत आहेत. ताळेबंदच नाही, तर सरकारने त्यात घातलेल्या भांडवलाचं काय झालं हे आमदार विचारणार कशाच्या आधारावर?

एसटी महामंडळ कंपनी नाही. ते १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली येतं, आणि त्याचाही वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे येणं बंधनकारक आहे. तरी एसटीची खरी अवस्था लोकांना कळली ती जून २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी काढलेल्या श्वेतपत्रिकेतून. संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेल्याचं त्यात होतं. श्वेतपत्रिका काढावी लागते, यातच नेहमीचे अहवाल कुणी वाचत नसल्याची कबुली आहे.

समिती जिल्ह्यात येते तेव्हा

जिल्हा परिषदेत 'पीआरसी येतेय' म्हटलं की वातावरण बदलतं. पंचायती राज समितीचे आमदार जिल्ह्यात दौरा करतात, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपासून गटविकास अधिकाऱ्यांपर्यंत साक्ष घेतात, अचानक एखाद्या शाळेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात. शाळांना रंग लागतो, गैरहजर डॉक्टर हजर होतात. विचारले जाणारे आक्षेप मात्र बऱ्याचदा चार-पाच वर्षांपूर्वीचे असतात आणि उत्तर देणारा अधिकारी तेव्हा दुसऱ्याच जिल्ह्यात असतो.

या दौऱ्यांबद्दल दबक्या आवाजात जे बोललं जायचं ते मे २०२५ मध्ये धुळ्यात उघडपणे समोर आलं. विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर असताना शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत दीड कोटीहून अधिक रोकड सापडली. ती समितीसाठी होती असा आरोप झाला. समितीच्या अध्यक्षांनी तो फेटाळला. सरकारने विशेष पथकाकडून चौकशीची घोषणा केली. आरोप खरा की खोटा, हे तपासातच ठरायचं. पण हिशेब तपासणाऱ्यांचाच हिशेब कुणी तपासायचा, यासाठी सध्याच्या व्यवस्थेत वेगळी यंत्रणा नाही.

हे कागद कुठे वाचता येतात?

अहवाल पटलावर आला की तो सार्वजनिक होतो. महाराष्ट्राविषयीचे अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर इंग्रजीसोबत मराठीतही मिळतात. अर्थसंकल्पाची पुस्तकं आणि आर्थिक पाहणी राज्य सरकारच्या संकेतस्थळांवर असतात. सरकारी मराठी जड असतं, पण रचना एकदा कळली की वाट सापडते. आधी निकष सांगितला जातो, म्हणजे काय व्हायला हवं होतं. मग तपासणीत काय आढळलं. मग शासनाचं उत्तर आणि त्यावर लेखापरीक्षणाचं मत.

व्हायरल होतो तो मधला आकडा. त्याच्या खालचा परिच्छेद कुणी शेअर करत नाही. 'शासनाने निरीक्षण मान्य केले' असं तिथे असेल तर वाद संपलेला असतो. 'उत्तर स्वीकारार्ह नाही, कारण...' असं असेल तर पुढचं कारण जरूर वाचावं, खरी माहिती तिथे असते. आणि बऱ्याच परिच्छेदांच्या शेवटी, महिना आणि वर्ष घालून, एवढंच लिहिलेलं असतं की शासनाचं उत्तर अद्याप आलेलं नाही.